आयतवारचा तितर

रतनला चार माणसांत बोलायचे म्हटले की शब्द घशाशी येऊन थबकत. तितराची हाक मात्र त्याच्या गळ्यातून अशी निघे, की निमगाव केतकीच्या पानमळ्यांत पाने खुडणाऱ्या बायकाही फसून कुंपणाकडे पाहत. ही विद्या त्याला कोणी शिकवली नव्हती. शाळेत दुपारच्या सुट्टीत इतर मुले कबड्डी मांडत, तेव्हा हा पानमळ्याच्या गारव्यात एकटा बसून पलीकडच्या पडीक रानातली तितरे ऐके. आधी दोन-तीन तुटक, कोरडे सूर; मग घोट गिळावा तसा क्षणभराचा थांबा; आणि मग एकावर एक चढत जाणारे, ‘कतीतर, कतीतर, कतीतर’. वर्षभर असे ऐकल्यावर एके दिवशी त्याने तोंड उघडले आणि कुंपणापलीकडून उत्तर आले. आपण हाक मारली आणि कोणीतरी ओ दिली, याचे त्याला इतके नवल वाटले की त्या दिवशी तो शाळेत परत गेलाच नाही.

पुढे त्या हाकेनेच त्याला रणजित मिळवून दिला. नववीच्या सहलीत, एका टेकडीच्या पायथ्याशी, सगळे डबे उघडून बसले असताना रतनने कुठल्याशा भरात हाक दिली आणि टेकडीवरून तिघा तितरांनी तिला उत्तर दिले. ज्याच्याभोवती सारा वर्ग फिरायचा तो रणजित भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून उठला, रतनपाशी आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “आयला रत्न्या, तू तर तितरांचा जावई हायेस की!”

त्या हाताचे वजन रतन अजून विसरला नव्हता. आता तो सव्वीस वर्षांचा होता. बारामतीत कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात तो लोकांच्या कानांची तपासणी करी आणि दवाखान्यामागच्या खोलीत एकटा राही. रणजित इंदापूर तालुक्यात ठिबकचे संच बसवीत हिंडे. आठवड्याचे सहा दिवस दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसे. शनिवारी संध्याकाळी मात्र रणजितचा फोन येई. “उद्या. सहाला. भिगवण चौकात.” एवढेच शब्द, आणि फोन बंद. पण रतनचा सबंध आठवडा त्या चार शब्दांकडे कलता झालेला असे, जसे ओल्या मातीतले रोप एका बाजूच्या उन्हाकडे कलते.

रणजितचा चुलतभाऊ विजयसिंह याच्याकडे छऱ्याची बंदूक होती. निमगावकडचे रान कालव्याच्या पाण्याने कधीच उसाखाली गेले होते, म्हणून तिघे जीपने थेट लोणी भापकरच्या कोरड्या माळावर येत. पाझर तलावाच्या आडोशाला, वनखात्याच्या माणसाच्या नजरेस पडू नये अशी जीप लावत आणि बोरीच्या झुडपांनी भरलेल्या एका ओघळीत उतरत. रतन झुडपाखाली बसून हाक मारी. थोड्या वेळाने बांधावर एक मान वर येई, इकडेतिकडे पाही आणि मग लगबगीने, जवळजवळ पळतच, आवाजाच्या रोखाने खाली येई. वाळकी काटकी मोडावी एवढाच बंदुकीचा आवाज होई.

रतनने बंदुकीला कधी हात लावला नव्हता. तो ते मांसही खात नसे. मी मारत नाही, मी फक्त बोलावतो, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. रणजितने तर त्याला आणखी सोपे करून दिले होते. “आरं, दुसरा गडी आपल्या हद्दीत आला म्हणून त्ये भांडायला येतंय. त्येचा रागच त्येला मारतोय. आपन काय, निमित्त.” आणि मारून तरी काय व्हायचे? तीन तितरांचे मांस ओंजळभर होत नाही. विजयसिंह पाखरे पायांना धरून फोटो काढी, तो चार जणांना पाठवी. ती पिशवी पुष्कळदा जीपमध्येच विसरली जाई आणि मंगळवारी वास सुटल्यावर कोणीतरी कालव्यात टाकी.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी रतनच्या एका हाकेला चारी दिशांनी उत्तरे आली होती. संक्रांतीला दोन आली. फाल्गुन लागला तसा अर्धाअर्धा तास बोलावे लागे. रतनला आपल्या गळ्याचीच शंका येऊ लागली. त्याने गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या.

त्याच सुमारास एका बाजारच्या दिवशी सिंधुबाई नावाची एक बाई आपल्या सासऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. म्हातारा ताठ होता, डोक्याला पटका, हातात काठी, आणि आपल्याला इथे उगाच आणलेले नाही, अशी चेहऱ्यावर गंभीर खात्री.

“तपासा एकदाचं,” सिंधुबाई म्हणाली. “मी ‘आबा, दळन घिऊन या’ म्हटलं की ह्यांना ऐकू येत न्हाय, आन् शेजारच्या वस्तीवर च्या उकळला तरी बरूबर ऐकू येतोय.”

“च्या ऐकू येत न्हाय,” म्हातारा म्हणाला. “वास येतोय.”

रतन हसला. “नाव काय आबा?”

“दत्तोबा. आन् डॉक्टर, हिचं ऐकू नगा. मानसांचं समदं येतंय मला ऐकू. नगं तेवढं येतंय. मला तितर ऐकू येईना झालाय.”

रतनचे पेन कागदावर थांबले. “मी डॉक्टर नाही, आबा,” तो सावकाश म्हणाला. “कुठून आलात तुम्ही?”

“लोणी भापकर. गावात न्हाय, माळाला वस्ती हाय आमची. पाझर तलावाच्या वरल्या अंगाला.”

काचेची खिडकी असलेल्या त्या चिमुकल्या, बंद खोलीत रतनने दत्तोबांना बसवले, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिले आणि बारीकसाही आवाज आला तर दाबा, असे सांगितले. बाहेर बसून तो एकेक सूर सोडू लागला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. चेहरा किंचित पुढे काढून, ओठ अर्धवट उघडे ठेवून तो असा ऐकत होता, जसा कोणी अंधाऱ्या घरात आपल्या माणसाची पावले ऐकतो. सूर बारीक होत गेले. बटण दाबले जात राहिले. फार उंच सुरांना कान दाद देत नव्हते, ते वयाचेच होते. पण तितराची हाक ज्या पट्ट्यात असते, तिथे दत्तोबांचा कान एखाद्या चाळिशीतल्या माणसासारखा शाबूत होता.

रतनने तीच तपासणी पुन्हा केली. त्याला वाटत होते, काहीतरी उणे निघावे.

“आमची म्हातारी हुती तवा,” हेडफोन काढून बाहेर येत दत्तोबा सांगू लागले, “पहिला तितर बोलला की चुलीला जाळ घालायची. घड्याळ नव्हतं घरात. ती गेली त्या सकाळी बी बोलत व्हतं. मला तवा राग आला हुता, मानूस मेलंय आन् ह्ये बोलतंय. पन मग रोज त्येच्या आवाजाला उठायचो, आन् वाटायचं, चूल पेटली आसंल.” त्यांनी पटका नीट केला. “आता दिवाळीपासनं मागं-मागं जात बंदच झालं. न्हाय म्हनायला आयतवारी येतंय ऐकू.”

“रविवारी?”

“व्हय. आयतवारी सकाळी, ऊन अंगावर यायच्या वक्ताला. एकच बोलतोय. पन काय बोलतोय, डॉक्टर! जलमात आसा तितर ऐकला न्हाय. सोमवारी कान लावून बसतो, न्हाय. मंगळवारी न्हाय. सा दिस न्हाय. म्हून हिला म्हटलं, माजा कान आयतवारीच उघडतोय, ह्यो कंचा रोग म्हनायचा?”

“समदं जग आयतवारी सुट्टी घेतंय,” सिंधुबाई पदरात हसली, “आन् आमच्या आबांचा कान त्या दिशी कामाला जातोय.”

रतन समोरच्या कागदाकडे पाहत राहिला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्या रेषांत कुठेही दोष नव्हता. माळच मुका झाला होता, आणि म्हातारा तो दोष आपल्या पदरात घेऊन बारामतीपर्यंत आला होता.

“कान चांगला आहे, आबा. मशीन लागणार नाही.”

“मग आयतवारीच का?”

“वाऱ्यावर असतं. वारा तिकडून असला, की...”

“वारा काय आयतवार बघून सुटतोय व्हय?”

दत्तोबांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. “बगा, आसंल तर मशीन द्या. मला बाकीचं सा दिस पायजेत.”

शनिवारी फोन वाजला. ‘उद्या. सहाला.’ रतनने हो म्हटले. नाही म्हणण्याची तयारी त्याने तीन दिवस केली होती. पण नाही म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पडली असती, ती त्याच्याच्याने ऐकवली नसती. आणि त्यानंतरच्या शनिवारची शांतता तर त्याहून मोठी. जीपमध्ये सांगू, असे त्याने ठरवले. जीपमध्ये विजयसिंह कोणाच्या तरी लग्नातली फजिती सांगत होता, रणजित गाडी चालवता चालवता रतनच्या गुडघ्यावर थाप मारून हसत होता, आणि बारामती मागे पडून ऊस विरळ होत कुसळीचे पिवळे गवत सुरू झाले तरी रतनचे तोंड उघडले नाही. आज वाट संपूच नये, असे त्याला वाटत राहिले.

ओघळीत उतरून तिघे आपापल्या जागी बसले. विजयसिंहाने छरा भरला.

“बोल की,” रणजित कुजबुजला.

“आज नको, रणजित.”

“घसा बसलाय?”

“नाही. मला हाक मारायची नाहीये.”

“घ्या!” विजयसिंह म्हणाला. “मांडवात येऊन नवरदेव रुसला.”

मग रतनने सांगितले. तुटक, अडखळत, मातीकडे पाहत. दत्तोबा, त्यांचा कान, आयतवार. विजयसिंह तोंडावर हात धरून हसायला लागला. रणजित आधी हसला नाही.

“म्हंजी म्हाताऱ्याला तू ऐकू येतोयस?”

“हो.”

“मग तर बोललंच पायजे की, बाबा! त्येचा तितर हायेस तू!” आणि तोही हसला. मग रतनचा चेहरा पाहून त्याने आवाज बदलला. “आरं, शेतकरी औषध फवारत्यात, त्येनं कमी मरत्यात का? कोंबडी खातोस तवा कुठं जातंय तुझं हे?”

“कोंबडीला कोणी तिच्या जोडीदाराच्या आवाजात बोलवत नाही.”

“कसला जोडीदार? भांडायला येतंय त्ये.”

“मला माहीत नाही ते कशाला येतं,” रतन म्हणाला. इतकी वाक्ये तो एका दमात कधी बोलला नव्हता. “तेच तर. दहा-बारा वर्षं मी त्यांना हाका मारतोय, आणि मी काय म्हणतोय, ते मला माहीत नाही. भांडायला ये म्हणतोय की घरी ये म्हणतोय. ते विश्वासाने येतात एवढंच दिसतं.”

मग रणजितने खिशातून मोबाईल काढला. “बरं. तू बस गप.” त्याने काहीतरी दाबले आणि मोबाईल समोरच्या दगडावर ठेवला.

आधी दोन-तीन तुटक, कोरडे सूर. थांबा. आणि मग रतनचा स्वतःचा गळा त्या दगडावरून चढत चढत माळभर पसरला.

“हे कधी घेतलंस?”

“दिवाळीत. म्हटलं, तुझा घसा कवा बसंल काय भरवसा.”

रतनच्या मनात हिशेब लागायला क्षणभर वेळ लागला. दिवाळीपासून. म्हणजे इतके शनिवार, इतके फोन, भिगवण चौकातले ते पहाटेचे वाट पाहणे, आणि हाक तर रणजितच्या खिशातच होती.

“मग मला कशाला बोलवत होतास?”

रणजितने मान फिरवली. बोरीची एक काटकी उगाचच मोडली. “मोबाईलसंगं गप्पा हानत कोन येतंय एवढ्या लांब, येड्या.”

ज्या एका वाक्यासाठी रतनने सगळी उमर कान लावले होते, ते हे असे, या ओघळीत, आपल्याच चोरलेल्या आवाजाखाली त्याला ऐकू आले. त्याच क्षणी बांधापलीकडून उत्तरही आले. एकटे, दूरचे, घाईचे. विजयसिंहाने बंदूक खांद्याला लावली. बांधावर मान वर आली. पाखरू इकडेतिकडे पाहून लगबगीने खाली उतरू लागले.

रतनला वाटले, आज एवढ्यापुरते गप्प बसावे. हा एकच जाऊ द्यावा. परतताना जीपमध्ये रणजितच्या शेजारी बसावे आणि ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घ्यावे. त्याला ते इतके हवेसे वाटले की डोळ्यांत पाणी आले.

मग तो उठला आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टानिशी सरळ उघड्यावर चालत गेला.

पाखरू फडफडाट करीत उडाले, कुसळीवरून खालीखालीच तरंगत गेले आणि वस्तीच्या बाजूच्या तरवडाच्या झुडपांत शिरले. मागे विजयसिंहाने आईबहिणीवरून उद्धार केला. दगडावरचा मोबाईल अजून बोलतच होता. रणजितने तो बंद केला.

“जीपमधी बस,” तो म्हणाला. ओरडला नाही.

“ते पुसून टाक, रणजित.”

“रत्न्या, जीपमधी बस म्हटलं. आज ऱ्हायलास तर परत फोन न्हाय करनार. सांगून ठिवतो.”

रतनने मान खाली घातली, पण पाय उचलला नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, गिअर बदलल्याचा आला, तलावाच्या भरावावर चढताना इंजिनाने जड श्वास घेतल्याचा आला. तो आवाज डांबरी रस्त्याला लागून पार विरेपर्यंत रतन ऐकत उभा होता. मग तो वस्तीकडे चालू लागला.

दत्तोबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्याला पाहून ते काठी विसरून उभे राहिले. “डॉक्टर! तुमी हितं? आवो बसा, बसा. सिंधू, पानी आन! डॉक्टर, तुमचा गुन आला बगा. आज दोन बोललं! एक खालनं, एक बांधाच्या वरनं. दोन!”

सिंधुबाईने तांब्या आणून दिला. रतन पाणी प्यायला. एवढा आनंद त्याने कोणाच्या चेहऱ्यावर जवळून पाहिला नव्हता.

“आबा,” तो म्हणाला, “पहिला तितर नव्हता.”

“मग?”

“मी होतो.”

दत्तोबा हसले, मग हसू तसेच ओठांवर राहून त्यातला जीव गेला. “म्हंजी आयतवारचा...”

“मीच. दर आयतवारी. मी हाक मारायचो, ते यायचे, आणि माझे दोस्त त्यांना मारायचे. म्हणून बाकीचे दिवस ऐकू येत नव्हतं. तुमच्या कानाला काही झालेलं नाही. मला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

म्हातारा बाजेवर बसला. बराच वेळ तो काठीच्या टोकाने मातीत काही उकरत होता.

“खायला मारायचा?”

“नाही.”

“इकायला?”

“नाही.”

“मग?”

मातीत उकरणारी काठी थांबली होती. म्हातारा खरोखरच उत्तराची वाट पाहत होता. ते येत नाही, असे दिसल्यावर त्याने सुस्कारा सोडला.

“भात्तर सालच्या दुष्काळात आमी बी फासं लावलं हुतं. प्वारं उपाशी हुती घरात. पन फासातलं काढताना मान खाली जायाची. त्येच्याकडं बघवत नव्हतं.” त्याने रतनकडे पाहिले. “तू तर बोलवायचास त्यास्नी.”

सिंधुबाई दारात उभी होती. तिने रिकामा तांब्या मुकाट्याने उचलून आत नेला.

“कर,” दत्तोबा एकदम म्हणाले.

“काय?”

“हाक. माज्या म्होरं कर. बघू दे मला.”

रतनने आजवर झुडपाआड बसूनच हाक मारली होती. समोर चेहरा असताना त्याला ते जमेना. पण त्याने डोळे मिटले आणि हाक दिली. सगळी, शेवटच्या चढापर्यंत. हाक माळावरून गेली. तरवडांतून ओ आली नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा दत्तोबांचे मिटलेलेच होते आणि सुरकुत्यांतून पाणी उतरत होते. “त्योच,” ते म्हणाले. “त्योच हाय. म्या तुजी वाट बघत हुतो रं आठ-आठ दिस.”

मग त्यांनी पटक्याच्या शेवाने तोंड पुसले आणि आवाज कोरडा केला. “आता पुन्यांदा करू नगंस. हितं न्हाय आन् कुठंच न्हाय. त्यो एक उडून गेलाय तितं. उद्या बोलला, म्हैन्यानं बोलला, बोलला तर त्यो खराच, एवढं तरी मला कळाया पायजे.”

“माझी हाक त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, आबा. ते परत येतील.”

“तुला वळखू येतीया का ती?”

“येते.”

“मग आयतवारी येऊन हितं बसत जा. खरं कंचं आन् खोटं कंचं, ह्ये सांगाया कोन तरी लागंल. आन् खोटं बोललं, की दोघं मिळून जाऊ खाली बोंबलत.”

रतन बाजेच्या कडेला टेकला. ऊन चढत होते. दूर कोणाची तरी मोटार चालू होती, वस्तीमागे शेळी ओरडली, आणि कुसळीतून वारा गेला तेव्हा सगळे गवत एकदम एका बाजूला वळले. तरवडांत काहीतरी हलल्यासारखे झाले. दत्तोबांनी श्वास धरून रतनकडे पाहिले.

रतनने नीट ऐकले. मग हळूच मान हलवली. अजून नाही.